दुप्पट नव्हे, दीडपट: डबलडेकर बसचं खरं गणित

गोव्यात मडगावच्या कदंब महामंडळाच्या बसस्थानकावर सकाळी पणजी शटलची, म्हणजे वाटेत न थांबता थेट पणजीला जाणाऱ्या बसची, रांग पाहिली की हमखास एक प्रश्न निघतो. मुंबईसारखी डबलडेकर इथे का आणत नाहीत? एका फेरीत दुप्पट माणसं जातील, रांग निम्म्यावर येईल. प्रश्न रास्त आहे. फक्त त्यातला ‘दुप्पट’ हा शब्द एकदा पारखून घ्यायला हवा, कारण बस चालवणाऱ्याचा हिशेब तिथेच आपल्यापेक्षा वेगळा होतो.

त्याआधी एक गोंधळ दूर करू. रात्री पणजीहून पुण्याला किंवा बेंगळुरूला सुटणारी स्लीपर कोच म्हणजे डबलडेकर नव्हे. तिच्यात बर्थ एकावर एक असतात, पण माणसाने चालायची जमीन एकच असते आणि तिच्याखाली सामानाची डिकी. डबलडेकरमध्ये चालण्याच्या जमिनी दोन असतात आणि मधे जिना. पुढचा सगळा खर्च, वजन आणि भानगड त्या दुसऱ्या जमिनीमुळे येते.

आता आसनं मोजू. १२ मीटर लांबीच्या साध्या बसमध्ये दोन-दोनची मांडणी केली तर ४० ते ४५ जण बसतात. मुंबईत फेब्रुवारी २०२३पासून धावू लागलेल्या वातानुकूलित इलेक्ट्रिक डबलडेकरमध्ये ६५च्या आसपास आसनं आहेत. नव्वद का नाहीत? जिना खालच्या मजल्यावर काही आसनांची जागा खातो आणि वर पोचल्यावर त्याचं तोंड व भोवतीचा कठडा पुन्हा तेवढीच जागा खातो. खालची जमीन रस्त्याच्या जवळ आणावी लागते, त्यामुळे एरवी जमिनीखाली लपणारी चाकं आत डोकं काढतात आणि त्यांच्या डब्यांवर नीट आसन बसत नाही. मागच्या बाजूला मोटर किंवा इंजिन असतं. म्हणजे बसलेल्या माणसांच्या हिशेबात डबलडेकर दीडपट, दुप्पट नव्हे.

उभी माणसं धरली तर हा फायदा आणखी घटतो. वरच्या मजल्यावर उभ्याने प्रवास करायला मनाई असते. छत बुटकं असतं आणि उभ्या माणसांचं वजन त्या उंचीवर बसच्या तोलाला चालत नाही. साध्या बसमध्ये ४२ बसले आणि २५ उभे राहिले तर ६७ झाले. डबलडेकरमध्ये ६५ बसले आणि खाली १५-२० उभे राहिले तर ८०-८५. हे झालं सव्वापट. या दोन आकड्यांतच निम्मं उत्तर आहे. सगळ्यांनी बसूनच जायचं अशा मार्गावर डबलडेकर खरंच काही देते. जिथे लोक दोन थांब्यांपुरते दांड्याला धरून जातात तिथे ती फारसं काही देत नाही, खर्च मात्र पुरा घेते.

उंचीचं गणितही कागदावर मांडून पाहण्यासारखं आहे. आपल्याकडच्या मोटार वाहन नियमांत दुमजली बसची कमाल उंची ४.७५ मीटर आहे. गोव्यातल्या पुष्कळशा जुन्या खासगी बसगाड्या ट्रकच्या चासिसवर बांधलेल्या आहेत. दोन-तीन पायऱ्या चढून आत जावं लागतं, कारण जमीन रस्त्यापासून जवळजवळ मीटरभर वर असते. त्या चासिसवर मजला चढवून बघा. जमीन १ मीटर, खाली डोक्याला जागा १.९, मधल्या जमिनीची जाडी सुमारे १२ सेंटीमीटर, वर डोक्याला १.७५ आणि छप्पर आणखी १२ सेंटीमीटर. बेरीज ४.८९. नियम तिथेच मोडला. जमीन ४० सेंटीमीटरवर आणली की हीच बेरीज ४.२९ होते आणि वातानुकूलनाच्या नळ्यांनाही जागा उरते. म्हणून डबलडेकरला खास बुटक्या चासिसची गरज असते. ती महाग असते आणि ती बांधणारे कारखाने मोजके. ‘आहे त्याच गाडीवर मजला चढवा’ हे यामुळे शक्य नाही. त्यात वजन आहे. वर बसलेली ३५ माणसं, माणशी ६५ किलो धरली तर सव्वादोन टनांच्या पुढे जातात. शिवाय वरची जमीन, काचा, जिना आणि इलेक्ट्रिक असेल तर बॅटरी. दोन आसांच्या गाडीला साडेअठरा टनांच्या आसपासच थांबावं लागतं, त्यामुळे सांगाडा हलका पण ताठ करण्यात बांधणाऱ्याचा कस लागतो.

यानंतर येतो थांबा. पणजीहून म्हापशाला जाणारी साधी बस पर्वरीत, गिरीत आणि मधे हात दाखवेल तिथे थांबते. पणजीत चढून पर्वरीला उतरणारा माणूस जिना चढत नाही. चढायचं आणि लगेच उतरायचं, तेही गाडी हलत असताना आणि हातात बाजाराची पिशवी घेऊन, हे कुणालाच नको असतं. म्हणून आखूड प्रवासाच्या मार्गावर नेहमी एकच चित्र दिसतं: खाली दाटी, वर रिकामी आसनं. वरचे जे उतरतात ते थांबा आल्यावर जिन्याकडे निघतात आणि जिना एका वेळी एकाच दिशेला चालतो. जिन्यावर माणूस असताना ब्रेक किंवा झटका बसला तर तो थेट खाली येतो, म्हणून जिना मोकळा झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही हा नियम चालकाला कटाक्षाने पाळावा लागतो. वर काय चाललं आहे हे पाहायला पूर्वी चालकाच्या डोक्यावर आरशांची नळी असायची, आता कॅमेरा असतो. दर थांब्याला काही सेकंद जास्त जातात. वीस थांब्यांच्या मार्गावर त्या सेकंदांची मिनिटं होतात आणि दिवसाअखेर एक फेरी बुडते.

कंडक्टरचा प्रश्न याहून मोठा. मुंबईत बेस्टच्या जुन्या डबलडेकरवर दोन कंडक्टर असायचे, एक खाली आणि एक वर. १९३७मध्ये सुरू झालेल्या त्या गाड्या हळूहळू कमी होत गेल्या, त्यामागे हा दुहेरी पगार मोठं कारण होता. नेहमीच्या प्रवासी मार्गांवरची शेवटची डिझेल डबलडेकर सप्टेंबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. बस चालवण्याच्या खर्चात माणसांचा पगार आणि इंधन हेच दोन मोठे वाटे असतात. प्रवासी दीडपट आणि कंडक्टर दुप्पट झाले तर डबलडेकरची बचत तिथेच संपते. मग शटल आठवा. खिडकीवर तिकीट काढायचं, रांगेत उभं राहायचं, चढायचं, बसायचं आणि थेट पणजीत उतरायचं. वाटेत थांबा नाही, उभा प्रवासी नाही, आत तिकीट फाडणारा नाही. डबलडेकरला मार्गाकडून जे काही हवं असतं ते गोव्याची शटल पद्धत कितीतरी वर्षं आधीपासून देते आहे. आपल्याकडे हा विषय खरंच विचारात घेण्यासारखा आहे तो याच कारणाने.

सगळीकडे मोठ्या गाड्या का नकोत, हे समजायला नमुन्याचं गणित पुरे. समजा एका मार्गावर गर्दीच्या तासात एका दिशेला ६०० प्रवासी आहेत. ४० जणांच्या बसने १५ फेऱ्या लागतील, म्हणजे दर चार मिनिटांना एक. ६५ जणांच्या डबलडेकरने दहाच्या आत भागेल, दर सहा-साडेसहा मिनिटांना एक. प्रवाशाला दोन-अडीच मिनिटांचा फरक जाणवतही नाही आणि महामंडळाचे पाच चालक वाचतात. आता दुपारचे दोन वाजलेत आणि प्रवासी १२० आहेत. लहान बस तासाला तीन फेऱ्या करेल, दर वीस मिनिटांना एक. डबलडेकर तेवढी माणसं दोन फेऱ्यांत नेईल आणि थांब्यावरचा माणूस अर्धा तास उन्हात उभा राहील. वाळपई, सांगे, केपे या भागांतल्या गावमार्गांवर दिवसभर हीच स्थिती असते. तिथे गरज मोठ्या बसची नाही, पुढची बस लवकर येण्याची आहे, आणि संध्याकाळ झाल्यावर ती येण्याची आहे. आठ वाजल्यानंतर गावाकडे जाणारी बस चुकलेल्या बाईला बसला किती मजले आहेत याने काही फरक पडत नाही. गोव्याच्या अरुंद गावरस्त्यांवर पंचवीस-तीस आसनांच्या खासगी मिनीबस टिकून राहिल्या त्याही यामुळेच. त्यांच्या घाईवर, शर्यतीवर राग असणं योग्य आहे. आकार मात्र त्या रस्त्यांना जमणारा आहे.

समजा गर्दी आहे, प्रवास लांबचा आहे, तिकीट आधीच काढलेलं आहे. तरीही बेत मोडू शकतो, आणि तो रस्त्यावर नाही तर रस्त्याच्या वर मोडतो. लोक तारांकडे बघतात. रस्ता आडवा ओलांडणारी कमी दाबाची वीजतार नियमाप्रमाणे किमान ५.८ मीटर उंच असते, तिचा त्रास सहसा नसतो. त्रास असतो तो तिच्याखाली बांधलेल्या केबलच्या आणि इंटरनेटच्या लोंबत्या वायरींचा. त्या कुणी मोजून बांधलेल्या नसतात आणि पावसाळ्यात आणखी खाली येतात.

खरा घोळ मात्र डोक्यावर नसतो, कुशीला असतो. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता करतात. आपल्याकडे हा उतार साधारण अडीच टक्के असतो. डाव्या कडेने चालणारी बस त्या उताराइतकी डावीकडे कलते. चाकापाशी हा कल कळतही नाही, पण साडेचार मीटर उंचीवर तो ११ सेंटीमीटर होतो. आता डावं चाक १० सेंटीमीटर खोल खड्ड्यात गेलं असं धरा. दोन्ही चाकांत दोन मीटरचं अंतर, म्हणजे पाच टक्क्यांचा आणखी कल. वरचा कोपरा आणखी २२ सेंटीमीटर डावीकडे झुकतो. एकूण ३३ सेंटीमीटर, फुटाहून जास्त, आणि यात स्प्रिंगचं झोके घेणं धरलेलंच नाही. खाली चाक गटारापासून फूटभर लांब आहे म्हणून चालक निर्धास्त असतो. वर गाडीचा डावा पुढचा कोपरा तोवर चिंचेच्या बुंध्याला, दुकानाच्या पाटीला किंवा बसथांब्याच्या पत्र्याला घासलेला असतो. डबलडेकरचा सहसा हाच कोपरा सगळ्यांत आधी फुटतो. तिथली मोठी वळणदार काच महाग असते आणि ती बसेपर्यंत गाडी डेपोत पडून राहते.

विजेवर चालणाऱ्या रेल्वेच्या फाटकावर दोन्ही बाजूंना उंची रोखणारी लोखंडी चौकट असते. तिच्याखालची जागा ४.६७ मीटर. नियमाने चालणारी ४.७५ मीटरची बस तिथे ८ सेंटीमीटरने अडते. गाडी ४.४ मीटरची घेतली तर निघेल, पण फाटकाजवळच्या रस्त्यावर दर वेळी चार-पाच सेंटीमीटरचा डांबराचा नवा थर चढतो आणि चौकट तिथल्या तिथेच राहते. सहा-सात थरांनंतर कागदावरची मोकळीक प्रत्यक्षात उरत नाही. गोव्यात कोकण रेल्वे २०२२पासून विजेवर आहे, तेव्हा मार्ग आखताना कुठलं फाटक वाटेत येतं हे आधी नकाशावर पाहणं भाग आहे, आणि मग जागेवर जाऊन टेपने मोजणंही.

मार्ग तपासायची पद्धत साधी आहे, फक्त ती मन लावून करावी लागते. एका पिकअपवर जमिनीपासून पाच मीटर उंचीचा उभा बांबू बांधायचा, त्याला बसच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे फूटभर जास्त असा आडवा बांबू जोडायचा, म्हणजे साधारण ३.२ मीटरचा, आणि बस चालेल त्याच लेनमधून चालायच्या वेगाने जायचं. जिथे बांबू लागेल तिथलं ठिकाण लिहून ठेवायचं: फांदी, वायर, फलक, कमान. हे काम मे महिन्यात करू नये. जुलैत करावं, कारण पानांत पाणी धरलेली फांदी कोरड्या फांदीपेक्षा चांगलीच खाली येते. मेमध्ये मोकळा दिसलेला रस्ता आषाढात बंद असतो. कापाकापी एकदाच करून भागत नाही. पावसाळ्यात झाड भराभर वाढतं, म्हणून छाटणीचं काम कुणाकडे आणि दर किती महिन्यांनी, हे बस घेण्याआधी कागदावर ठरलेलं असायला हवं. सणांचा विचार गोव्यात वेगळा करावा लागतो. शिगमा, कार्निव्हल, गावची जत्रा, चर्चचं फेस्त, चवथ, प्रत्येकाला रस्त्यावर कमानी आणि पताकांच्या माळा आडव्या येतात. साधी बस त्यांच्याखालून सहज जाते, डबलडेकर जाईलच असं नाही. त्या दिवसांसाठी पर्यायी मार्ग आणि पर्यायी गाडी लागते.

वळणांबद्दल लोकांच्या मनात उगाच धास्ती असते, तशीच काही ठिकाणी हवी तेवढी धास्ती नसते. डबलडेकर रस्त्यावर येण्याआधी तिची झुकवण्याची चाचणी होते. वर पूर्ण वजन भरायचं, खाली रिकामं ठेवायचं आणि फलाटासकट गाडी २८ अंशांपर्यंत तिरकी करायची. तिथेही ती उलटता कामा नये. बॅटरी, मोटर, आस अशी जड अंगं खाली असल्यामुळे ती उलटत नाही. पण २८ अंश म्हणजे वळणावर किती, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. ४० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर ताशी ४० किलोमीटरने गेलं तर बाजूला ओढणारा जोर गाडीच्या वजनाच्या सुमारे ३१ टक्के असतो. २८ अंशांच्या कलाशी तुलना केली तर मर्यादा ५३ टक्के. भरपूर अंतर आहे. तेच वळण ताशी ५०ने घेतलं की जोर ४९ टक्क्यांवर जातो. वेग दहाने वाढला आणि हातात राखलेलं जवळजवळ सगळं संपलं, कारण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १० फेब्रुवारी २०१८ रोजी हाँगकाँगच्या ताई पो रस्त्यावर अशीच एक डबलडेकर वळणावर वेगात उलटली आणि १९ जण गेले. काणकोणच्या वाटेवरचा करमल घाट, चोर्ला, अनमोड, अशा मार्गांवर म्हणून डबलडेकरचा विचारही करू नये. जुवारी आणि मांडवीच्या पुलांवर घाटासारखी वळणं नाहीत, पण तिथे वारा आहे. ४.४ मीटरच्या बसची बाजू साध्या बसच्या सुमारे १.४ पट, आणि वारा लागतो तोही वरच्या अंगाला, त्यामुळे गाडीला झुकवणारा परिणाम १.९ पट होतो. इथे मात्र ‘दुप्पट’ हा शब्द बरोबर बसतो. पावसाळ्यातल्या वादळी दिवशी किती वाऱ्याला वेग कमी करायचा आणि कितीला गाडी उभी करायची, हे चालकाच्या अंदाजावर सोडता येत नाही.

डेपोतल्या अडचणी दिसत नाहीत, पण पैसा तिथेच मुरतो. छपरावरचं काम करायला माणसाने गाडीवर उभं राहायचं तर शेड साडेसहा मीटरच्या वर हवी. जुन्या शेडी त्या हिशेबाने बांधलेल्या नसतात. धुलाईचे ब्रश वरच्या काचांपर्यंत पोचत नाहीत. आणि पाऊस: वरच्या मजल्याच्या सांध्यांतून झिरपलेलं पाणी मधल्या जमिनीत उतरतं, जिथे दिव्यांच्या आणि सेन्सरच्या वायरी असतात. मग दाराचा सेन्सर भलतंच दाखवायला लागतो आणि मिस्त्री दार उघडून बसतो, दोष मात्र वरच्या खिडकीच्या रबरात असतो. समुद्राकाठच्या खारट हवेत तो सांधा दरवर्षी जूनच्या आधी उकलून नव्याने भरावा लागतो.

तर मग गोव्यात तिला जागा कुठे? मडगाव-पणजी शटलवर, सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक फेऱ्यांना. सुमारे ३३ किलोमीटरचा रुंद महामार्ग, डिसेंबर २०२२पासून टप्प्याटप्प्याने खुला झालेला नवा जुवारी पूल आणि बसूनच जाणारे प्रवासी. पर्यटकांच्या फेरफटक्यालाही ती शोभते, कारण तिथे लोक वर बसण्याचेच पैसे देतात. मोपा विमानतळाला मात्र घाई नको. तिथल्या प्रवाशाकडे बॅगा असतात. बॅग जिन्याने वर जात नाही, आणि खाली सामानाचे कप्पे केले की तेवढी आसनं गेली. आणि शटलवर आणायच्या तरी दोन-तीन गाड्या आणून भागत नाही. एक गाडी आगशीपाशी बंद पडली तर ६५ माणसं रस्त्यावर उभी राहतात आणि त्यांना उचलायला दीड साधी बस लागते, म्हणजे दोन. पाच गाड्या चालवायच्या तर सहावी राखीव, तिच्या काचा आणि सुटे भाग भांडारात हजर, आणि उंचीचा सराव केलेले चालक पाळीपेक्षा जास्त.

हे सगळं ठरवण्याआधी करायचं काम स्वस्त आहे. आठवडाभर प्रत्येक शटल सुटताना रांगेत किती माणसं मागे उरली हे लिहायचं, वेळेसकट. लागोपाठ तीन-चार फेऱ्यांना वीस-पंचवीस माणसं उरत असतील तर डबलडेकरचा विचार करावा. एकाच फेरीला उरत असतील, तर पाच मिनिटांनी आणखी एक साधी बस लावली की ती रांग त्याच दिवशी संपते.